कार्नूस्टीचं अठरावं: पाचात घरी या

स्कॉटलंडमधल्या कार्नूस्टी गोल्फ कोर्सच्या अठराव्या, म्हणजे शेवटच्या होलला नाव आहे 'होम'. म्हणजे घर. पहिल्यांदा खेळलो तेव्हा या घरी पोचायला मला नऊ फटके लागले. ट्रॉलीबरोबर चालत आलेली बायको सगळा वेळ गप्प होती. शेवटच्या पुलावर आल्यावर एवढंच म्हणाली, "त्या ओढ्यात सोनं पुरलंय का हो? सारखं तिकडंच मारताय ते."

मी फौजेतून निवृत्त झालेला माणूस. गोल्फ शिकलो छावणीतल्या कोर्सवर. तिथे ग्रीन, म्हणजे खड्डा आणि झेंडा असतो ती गुळगुळीत जागा, नुसतं नावाला. प्रत्यक्षात वाळूत जळकं इंजिन ऑइल कालवून थापलेला 'ब्राऊन' असायचा, आणि पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) झाला की पोतं ओढून पावलांच्या खुणा पुसायच्या. लेक डंडीला नोकरीला लागल्यापासून आमचे उन्हाळे तिकडे जातात. डंडीहून कार्नूस्टी गाडीने जेमतेम पंधरा मिनिटं. कोर्सला लागूनच 'गोल्फ स्ट्रीट' नावाचं स्टेशनही आहे, पण तिथे गाड्या इतक्या कमी थांबतात की त्याच्या भरवशावर टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेऊ नका. माझा हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सवलत) सोळा. हे होल आजवर अकरा वेळा खेळलो: पाच वेळा पाच, तीनदा सहा, एकदा सात, एकदा चार आणि ती एक नऊ. दर वर्षी पुण्या-मुंबईचा कुणी तरी ओळखीचा येतो आणि फोनवर विचारतो, "अठराव्याला काय करू?" म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

आधी होल समजून घ्या. पार चार, म्हणजे चांगल्या खेळाडूने चार फटक्यांत संपवायचं. २०१८च्या ओपनला (ब्रिटिश ओपन स्पर्धेला) ते ४९९ यार्ड होतं. आपल्याला मिळतात ते टी (पहिला फटका मारायच्या जागा) बरेच पुढे असतात, तरी चारशेच्या वर अंतर राहतंच. लांबीचं मला फारसं वाटत नाही. खरी अडचण बॅरी बर्नची. 'बर्न' म्हणजे स्कॉट लोकांचा ओढा. काठ बांधून काढलेले, रुंदी फार नाही, आणि सतराव्या-अठराव्यात तो इतका नागमोडी फिरतो की आपण ओलांडला तो आता आडवा येतोय की मगाचाच बाजूने चाललाय, हे पहिल्या फेरीत कळतच नाही. अठराव्याला टीवरून मारतानाच तो पार करावा लागतो. मग ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, पडतो तिथे तो उजव्या हाताला येतो. आणि शेवटी अगदी ग्रीनच्या तोंडाशी आडवा पडतो. डावीकडे पहिल्यापासून ग्रीनपर्यंत आउट ऑफ बाउंड्स (ओबी), म्हणजे हद्दीबाहेर, आणि ग्रीनजवळ ती हद्द अगदी अंगावर येते. फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) उजव्या कडेला बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पुढे ओढा.

माझं सगळं म्हणणं एका वाक्यात मावतं: हे होल पाचात खेळायचं असं टीवर उभं राहायच्या आधी ठरवा, आणि मग मध्येच चारचा मोह होऊ देऊ नका. कोर्सच्या स्लोपमुळे (अवघडपणाच्या आकड्यामुळे) सोळाचा हँडिकॅप इथे अठराच्या पुढे जातो, म्हणजे प्रत्येक होलला एक फटका तुमच्या खात्यात जमा आहेच. पाच म्हणजे तुमचा पार. वाढून ठेवलेलं ताट सोडून चारच्या मागे कशाला धावायचं?

१९९९चा किस्सा बहुतेकांना माहीत असतो, पण त्यातले आकडे नीट कुणी सांगत नाही. फ्रान्सचा जाँ व्हान द व्हेल्द शेवटच्या दिवशी या टीवर तीन फटक्यांच्या आघाडीने आला. सहा केले तरी ओपन त्याचीच होती. त्याने ड्रायव्हर, सगळ्यात लांब मारणारा क्लब, काढला. बॉल इतका उजवीकडे गेला की ओढाही चुकवून सतराव्याच्या बाजूच्या तुकड्यावर सुखरूप पडला. नशीब इथवर बरोबर होतं. मग दोन नंबरच्या आयर्नने (लांब मारणाऱ्या लोखंडी क्लबने) थेट ग्रीनचा नेम. बॉल प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्याला लागला, ओढ्याच्या दगडी भिंतीवर आपटून उलटा आला आणि गुडघाभर गवतात रुतला. तिसरा फटका ओढ्यात. बूट-मोजे काढून, पँट वर दुमडून तो पाण्यात उतरला, बराच वेळ विचार करून शेवटी ड्रॉप घेतला, म्हणजे एक फटका दंड घेऊन बॉल बाहेर टाकला, तो चौथा. पाचवा बंकरमध्ये, सहावा बाहेर, आणि सातवा पट मात्र वाघासारखा टाकला. बरोबरी झाल्यावरच्या प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. तो दिवसाच्या सुरुवातीला दहा फटके मागे होता.

सगळे त्या पाण्यातल्या पायांवर हसतात. माझ्या मते गाडी रुळावरून घसरली ती दुसऱ्या फटक्याला. तिथून एक वेज (जवळच्या, उंच उडणाऱ्या फटक्याचा क्लब) ओढ्याच्या अलीकडे, एक वेज ग्रीनवर, दोन पट. झाले पाच. तीन पट केले असते तरी सहा. हा हिशेब कुणालाही येतो. हातात लांब क्लब असताना तो सुचत नाही, एवढंच.

आता प्रत्यक्ष.

आदल्या संध्याकाळी अठराव्या ग्रीनमागे हॉटेल आहे त्या बाजूला जाऊन अर्धा तास उभे राहा. येणारे गट बघा. कोणाचा बॉल पाण्यात जातोय ते बघायचं नाही; ग्रीनवर पडलेला बॉल किती घरंगळतो ते बघायचं. त्या अर्ध्या तासाने माझे जेवढे फटके वाचले तेवढे कुठल्याही धड्याने वाचले नाहीत.

टीवर पहिलं काम वारा. टीच्या पातळीवर तो खोटं बोलतो, म्हणून गवत उडवून पाहण्यात अर्थ नाही. ग्रीनवरचा झेंडा पाहा आणि आजूबाजूला जे निशाण फडकत असेल ते पाहा. उजव्या हाताने खेळणाऱ्या आपल्यासारख्यांचा बॉल बहुधा उजवीकडे वळतो. वारा डावीकडून असला तर तो त्याला आणखी ढकलून ओढ्याकडे नेणार, म्हणून फेअरवेच्या डाव्या कडेवर नेम धरा. त्याहून डावीकडे नको, तिकडे ओबी आहे. वारा उजवीकडून असला तर गंमत होते: तुमचा स्लाइस आणि वारा एकमेकांना खाऊन टाकतात आणि बॉल सरळ जातो. असा दिवस मिळाला तर देवाला नमस्कार करा आणि मध्यावर नेम धरा.

क्लब कोणता? ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या. हा सल्ला मला एका म्हाताऱ्या कॅडीने (पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाने) दिला, तोही न बोलता. दुसऱ्या वेळी मी ड्रायव्हरला हात घातला, तर त्याने त्याच्यावर टोपी चढवली आणि हायब्रिड माझ्या हातात दिला. मी म्हटलं, एवढ्याने अंतर कमी पडेल. तो म्हणाला, "कशासाठी कमी पडेल?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचंच नसेल तर टीवरून दोनशे यार्ड आणि दोनशे तीस यार्ड यांत फरक एकच: दोनशे तीसवाला बॉल बंकरांच्या आणि ओढ्याच्या वळणाच्या जास्त जवळ जातो.

पण टीसमोरचा ओढा पार करायचा आहे, हे विसरू नका. समोरून जोराचा वारा असेल आणि हायब्रिडचा भरवसा नसेल तर थ्री वूड (ड्रायव्हरच्या खालोखाल लांब मारणारा क्लब) घ्या, पण अर्ध्या जोराने. बॉल नेहमीपेक्षा दोन बोटं मागे ठेवा, टी अगदी खाली रोवा, हात पुढे, आणि शेवट कमरेच्या थोडा वर तोडा. वाऱ्यात जोर लावला की बॉलला फिरकी जास्त मिळते आणि तो पतंगासारखा वर चढून तिथेच तरंगतो. हळू मारलेला बॉल खालून घुसतो. हे ऐकायला सोपं आहे. मागे चार माणसं वाट बघत उभी असताना हळू मारणं हे या होलवरचं सगळ्यात अवघड काम.

बॉल डावीकडे हद्दीच्या जवळ गेला असं नुसतं वाटलं तरी लगेच मोठ्याने "प्रोव्हिजनल" (पहिला सापडला नाही तर धरायचा बॉल) म्हणून दुसरा मारून ठेवा. शोधायला तीनच मिनिटं मिळतात. हद्दीपर्यंत जाऊन परत टीवर येणं म्हणजे मागच्या गटाच्या शिव्या खाणं.

बंकरात गेलात तर हा परिच्छेद जपून वाचा, कारण माझी नऊ तिथेच सुरू झाली. लिंक्सचे, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या कोर्सचे, बंकर आपल्याकडच्यासारखे बशीएवढे उथळ नसतात. हरळीचे तुकडे विटांसारखे एकावर एक रचून समोर उभी भिंत केलेली असते. मी आत उतरलो तेव्हा बॉल वाळूवर छान बसलेला होता, भिंत चार हात लांब वाटत होती आणि ग्रीनमागचं हॉटेल दिसत होतं. पाच नंबरचं आयर्न घेतलं. बॉल वरून दुसऱ्या थरावर लागला, 'धप्प' असा ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज आला आणि तो परत माझ्या बुटांपाशी येऊन थांबला. मग सँड वेजने आडवा बाहेर काढला. तीन झाले. राग आलेला होताच. हायब्रिडने ग्रीन मारायला गेलो, ओढ्यात. ड्रॉप, पाच. सहावा ग्रीनच्या मागच्या कडेला, आणि तिथून तीन पट.

१९७५ला जॉनी मिलरसारख्या माणसाला अठराव्याच्या बंकरातून बाहेर यायला दोन फटके लागले, आणि टॉम वॉटसन-जॅक न्यूटन यांचा प्लेऑफ त्याला एका फटक्याने हुकला. तेव्हा लाज वाटू देऊ नका. बंकरात उतरायच्या आधी काठावर उभं राहून ठरवा: बाहेर कुठून जास्त सोपं? बाजूने? मागून? तिकडे मारा. सर्वांत उतरत्या तोंडाचा क्लब घ्या. या बंकरात बॉल पुढे नेण्याचा विचार फक्त तेव्हाच, जेव्हा तो मागच्या कडेजवळ आहे आणि नऊ नंबरचं आयर्नही भिंतीवरून हातभर वरून जाईल अशी तुमची खात्री आहे.

आता दुसरा फटका. सगळं होल इथे आहे.

समजा टीवरून दोनशे गेलात. ग्रीन सव्वादोनशेच्या आसपास, ओढा त्याच्या अलीकडे. बॉल कापलेल्या, कडक, छोट्या गवतावर मस्त बसलाय. मागून वारा आहे. पिशवीतला थ्री वूड बोलू लागतो. २०१९च्या उन्हाळ्यात मी त्याचं ऐकलं, पाणी. २०२२ला परत ऐकलं, पुन्हा पाणी. दुसऱ्या वेळी बरोबर लेक होती. तिने आठ नंबरचं आयर्न काढलं, ओढ्याच्या बऱ्याच अलीकडे ठेवला, मग वेज, दोन पट, पाच. फिश अँड चिप्सचे पैसे मी दिले, आणि ते खाताना तिने 'बाबा, तुम्ही तर सगळ्यांना सांगता ना' हे निदान तीनदा म्हटलं.

तर आठ, सात किंवा सहा नंबर, जो तुम्हाला ओढ्याच्या बऱ्याच अलीकडे नेऊन ठेवेल तो. अंतर ग्रीनपासून मोजू नका, ओढ्यापासून मोजा. आणि लिंक्सवर बॉल पडला की थांबत नाही, हे धरून मोजा. आपल्या दख्खनी माणसाला हे शिकवावं लागू नये. मे महिन्यात छावणीच्या कोर्सवर जमीन तव्यासारखी तापून भेगाळलेली असते, तिथे एकशे चाळीसचा आयर्न पुढे तीस-चाळीस यार्ड सहज पळतो. कार्नूस्टीला कोरड्या उन्हाळ्यात अगदी तसंच होतं, फक्त घाम येत नाही. हिरव्यागार, पाणी पाजून मऊ केलेल्या कोर्सवर वाढलेला खेळाडू इथे लेअप करायला (मुद्दाम ओढ्याच्या अलीकडे ठेवायला) जातो आणि त्याचा बॉल आरामात घरंगळत पाण्यात उतरतो. म्हणून ओढ्यापर्यंतच्या अंतरातून साठ-सत्तर यार्ड वजा करा, जे उरेल तेवढाच क्लब घ्या, वारा मागून असेल तर आणखी एक उतरा.

डावीकडे नेम नको. लेअप डावीकडे गेला की पुढच्या फटक्याला हद्द डोळ्यांत भरते. मध्यापासून किंचित उजवी बाजू बरी.

एवढं करूनही बॉल पाण्यात गेलाच तर बूट काढू नका. पाण्यात दिसणारा बॉल मारण्यासारखा वाटतो, पण पाणी बॉलच्या निम्म्यावर असेल तरी क्लब अडतो, आणि बांधलेल्या काठापुढे उडवायला जागाच नसते. ओढ्याच्या कडेचे खांब लाल की पिवळे ते पाहा. पिवळे असतील तर दोनच वाटा: पूर्वीच्या जागेवरून, किंवा बॉलने हद्द ओलांडली ती जागा आणि झेंडा यांच्या सरळ रेषेत मागे कितीही जाऊन. लाल असतील तर तिसरी वाट मिळते, ओलांडल्या जागेपासून दोन क्लबांच्या आत, झेंड्याच्या जवळ न जाता. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. मी नेहमी रेषेत मागे जातो, माझ्या आवडत्या वेजच्या अंतरापर्यंत. ओढ्याला नाक लावून पंचवीस यार्डांचा नाजूक फटका मारण्यापेक्षा ऐंशीवरून पूर्ण वेज मारणं केव्हाही सोपं. २००७ला पाड्रिग हॅरिंग्टनने शेवटच्या दिवशी या एका होलवर दोनदा बॉल पाण्यात घातला. टीवरचा तर पुलावर टपटप उड्या मारत पुढे जाऊन मग पाण्यात पडला. तरी तो ओढ्यावरून उडवलेल्या एका चिपने (छोट्या फटक्याने) आणि एका पटने सहात बाहेर पडला, आणि त्याच सहाने त्याला प्लेऑफमध्ये ठेवलं. तिथे सर्जियो गार्सियाला हरवून तो जिंकला. दोनदा पाणी आणि तरी ओपन. तेव्हा पहिल्यांदा ओढ्यात गेलात म्हणून खेळ संपला असं समजू नका.

तिसरा फटका ऐंशी-नव्वदवरून. इतर लिंक्स होलांवर मी इथे सात नंबरने बॉल जमिनीवरून पळवला असता. ब्राऊनवर शिकलेल्याला तेच येतं. पण इथे मध्ये पाणी आहे, बॉल उडवावाच लागतो. झेंडा मागे असो की पुढे, नेम ग्रीनच्या पुढच्या तिसऱ्या भागावर धरा. वाऱ्यात पूर्ण सँड वेज मारू नका, तो वर जाऊन मागे येतो. पिचिंग वेज आखूड धरून तीनचतुर्थांश मारा. आणि एक क्लब जास्तच. ग्रीनच्या मागे गेलेल्या बॉलचा एक पट वाढतो, अलीकडे पडलेल्याचे दोन फटके वाढतात. जमीन इतकी घट्ट असते की वेज खालून सरकवायला गेलात तर क्लब उसळून बॉलच्या कमरेत बसतो. बॉल आधी, माती नंतर. वजन डाव्या पायावर ठेवून मारा, हात मऊ ठेवा, बाकी काही नाही.

ग्रीन दिसतं त्यापेक्षा संथ असतं. समुद्रकाठचा वारा एवढा की ते फार वेगवान ठेवलं तर बॉल जागेवर थांबणारच नाही. छोटा पटसुद्धा वाऱ्याने ढळतो. पाय नेहमीपेक्षा रुंद ठेवा, डोकं हलवू नका. ग्रीनच्या बाहेर असाल तरी पटरच घ्या. ब्राऊनवाल्या आम्हा लोकांची ही एकच कला इथे कामी येते. माझे ते एकमेव चार असेच झाले: ग्रीनच्या बाहेरून, अकरा पावलांवरून, पटरने. कौशल्य काही नाही, मारताना वारा पडला.

२०१८ला फ्रान्सिस्को मोलिनारीने टायगर वुड्सच्या बरोबरीने चालत येऊन इथे शेवटी बर्डी (पारहून एक कमी) टाकली आणि ओपन जिंकली. ते डोक्यात आणू नका. तुमच्यासमोर दोन पट आहेत. पहिला जवळ ठेवा, दुसरा टाका. टोपी काढा, हात मिळवा, कार्ड ग्रीनवर लिहीत बसू नका. मागचा गट ओढ्याच्या अलीकडे थांबलाय, आणि त्यातल्या एकाने आत्ताच थ्री वूड काढलाय. कठड्याशी सरकून उभे राहा, तिथून छान दिसतं.